बुलेट, सात घाट आणि चार नद्या

लुना, चेतक, राजदूत, येझदी. १९८० च्या दशकात पुण्या-साताऱ्याकडच्या तरुणाचे दुचाकीवरचे शिक्षण साधारण याच पायऱ्यांनी होई. फिरोदियांच्या कायनेटिकची ५० सीसीची लुना १९७२ साली आली आणि सायकल मारणाऱ्या पोराची पेट्रोलशी ओळख झाली. त्याच वर्षी बजाजची चेतक आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबात तिने जागा पटकावली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची, असा तेव्हा स्कूटरचा रिवाज होता. राजदूत दूधवाल्यांची, येझदी कॉलेजच्या पोरांची. या सगळ्यांच्या वर होती बुलेट. फौजदार, ऊसवाला बागायतदार, निवृत्त सुभेदार अशा भारदस्त माणसांच्या दारात ती उभी असायची. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की घरातली मंडळी न बघताच कोण आलंय ते सांगत.

ज्यांच्या हाती ती विशी-पंचविशीत पहिल्यांदा आली, त्यांच्या आठवणींत एक गोष्ट सारखी येते. वेगाबद्दल ते फारसे बोलत नाहीत. बोलतात ते घाटाबद्दल. कुठल्या वळणावर तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, कुठे इंजिन तापले, कुठे चहाला थांबले, कुठल्या मिस्त्रीने रात्री दुकान उघडून दिले, हे सगळे तपशील चाळीस वर्षांनीही जागच्या जागी असतात. त्यामागे कारण आहे. ही मोटारसायकल स्वाराला सतत कान उघडे ठेवायला लावते, आणि लक्ष देऊन केलेला रस्ता लक्षात राहतो.

पहिली परीक्षा घराच्या दारातच व्हायची. जुन्या बुलेटला सेल्फ स्टार्टर नव्हता आणि नुसता जोर लावून ती सुरू होत नसे. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चावी फिरवायची आणि किक पायाने हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरकडे बघायचे. काटा मध्यावर आला म्हणजे पिस्टन वरच्या टोकाजवळ पोचला. मग डाव्या हाताचा डीकॉम्प्रेसरचा छोटा खटका ओढायचा, म्हणजे सिलिंडरमधली कोंडलेली हवा सुटते. किक थोडी पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि अंगाचा सगळा भार टाकून एकच किक मारायची. क्रम बरोबर असेल तर सडपातळ माणूसही ती सहज सुरू करतो. चुकला तर किक उलटी येते आणि नडगी सुजते. घराघरांतून वडील, मामा किंवा थोरला चुलत भाऊ हा क्रम शिकवत असे, आणि तो जमला की मगच चावी हातात मिळे.

दुसरी परीक्षा पायांची. चेतकचे गिअर डाव्या मुठीत, येझदीचे डाव्या पायात. बुलेटचे गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, पुढचे तीन खाली. स्कूटरवर हात बसलेल्या माणसाचा पाय आणीबाणीत नेमका चुकीच्या बाजूला जाई, म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात फेऱ्या मारण्यातच जात. यातही एक सोय होती. गिअरच्या मागे टाचेने दाबायचा एक वेगळा खटका होता. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून तो दाबला की गाडी थेट न्यूट्रल होई. सिग्नलला उभे राहताना टाचेचा तो ठोका आणि मग संथ चालणारे इंजिन, ही जुन्या बुलेटवाल्याची खूण होती.

या गाडीची वंशावळ इंग्लंडमधल्या रेडिच गावात सुरू होते. रॉयल एनफिल्डने तिथे १९०१ साली पहिली मोटारसायकल बांधली आणि १९३२ मध्ये बुलेट हे नाव वापरात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकाला झुलता आधार असलेली ३५० सीसीची बुलेट आली. १९५० च्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय सैन्याने ८०० गाड्यांची मागणी नोंदवली. आयात पुरेशी पडेना, म्हणून रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी केली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडले जात. नंतर साचे आणि यंत्रेच इकडे आली आणि गाडी इथेच घडू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, काही वर्षांत मूळ इंग्रज कंपनीही संपली. मद्रासची बुलेट मात्र निघत राहिली आणि १९७७ पासून ती इंग्लंड-युरोपात निर्यात होऊ लागली. सह्याद्रीच्या घाटात चाळीस वर्षांपूर्वी जी गाडी चढत होती, तिचा आराखडा साधारण तीस वर्षे जुना होता. ते जुनेपणच तिथे कामी येत असे.

पुण्याच्या नव्या बुलेटवाल्याची पहिली लांबची स्वारी बहुधा महाबळेश्वरकडे निघे, आणि त्यातले धाडसी गडी खाली कोकणात उतरून कुंभार्लीने परत वर येत. पुणे, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, चिपळूण, कऱ्हाड आणि पुन्हा पुणे असा हा फेरा सुमारे पाचशे किलोमीटरचा. वाटेत कात्रज, खंबाटकी, पसरणी, आंबेनळी, कशेडी, परशुराम आणि कुंभार्ली असे सात घाट लागतात. दोन दिवसांत तो आरामात होतो. गाडी लिटरला तीस-पस्तीस किलोमीटर देई आणि टाकीत चौदा-साडेचौदा लिटर पेट्रोल मावत असे, त्यामुळे पेट्रोलची चिंता फारशी नसे.

कात्रज आणि खंबाटकी ही नुसती तोंडओळख. तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर, म्हणजे आजच्या ४८ वर, मालट्रकांची रांग असे आणि त्यांच्या मागे धूर खात चढावे लागे. तरी इथेच स्वाराला पहिला आनंद मिळे. चेतकवर ज्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जावे लागे, तो चढ बुलेट तिसऱ्यात सहज घेई. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, आणि पुढे सुरूर फाट्याला उजवीकडे वळले की वाईचा रस्ता. दुतर्फा जुने वड, त्यांच्या पारंब्यांची सावली आणि त्या सावलीत इंजिनाचा घुमणारा आवाज. वाईत कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती. महाबळेश्वरात उगम मानलेल्या ज्या चार नद्या या फेऱ्यात भेटतात, त्यांतली ही पहिली.

वाई सोडली की लगेच पसरणीचा घाट सुरू होतो. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. घाट डोंगराच्या अंगाला लगटून चढतो, आणि वर जाताना कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी आणि शेतांचे तुकडे एकेका वळणावर खाली उलगडत जातात. बुलेट म्हणजे काय ते इथे कळते.

तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ९० मिलिमीटरचा, एकूण ३४६ सीसी. पिस्टनचा प्रवास लांब, आत फिरणारी फ्लायव्हील जड. ताकद कागदावर अवघी १८ हॉर्सपॉवर. पण ती इंजिन सावकाश फिरत असतानाच हाताशी येते. लहान इंजिन चढावर किंचाळत ठेवावे लागते. बुलेटला मूठ थोडी पिळली की प्रत्येक ठोक्याला मागचे चाक रस्ता ढकलते, आणि ते ढकलणे स्वाराला बैठकीतून जाणवते. पसरणीच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये शिरायचे, आत शिरताना मूठ सोडायची, वळणाच्या मध्यावर पुन्हा हलकेच पिळायची. इंजिन दमायला लागले तर ठोके विरळ आणि जड होतात, ते ऐकून दुसरा गिअर टाकायचा. आरपीएमचा मीटर गाडीवर नव्हताच. ते काम कान करी.

वजनही इथेच आपलेसे होते. १६० किलोंहून जास्त भरणारी ही गाडी दारात स्टँडवर चढवताना घाम काढते. चालती झाली की तोच भार तिला रस्त्यावर बसवून ठेवतो. १९ इंची मोठी चाके खड्डे पचवतात, घाटातला आडवा वारा तिला हलवत नाही. लुना-चेतकवरून आलेल्या माणसाला पसरणी चढताना पहिल्यांदाच वाटते की आपण रस्त्यावरून घसरत चाललो नाही, रस्ता धरून चाललो आहोत.

पाचगणीत टेबल लँड, इंग्रजी अमदानीपासूनच्या निवासी शाळा आणि रांगेने उभे सिल्व्हर ओक. पुढचा अठरा-वीस किलोमीटरचा रस्ता पठारावरून जातो. हवा गार होते आणि गार हवेत इंजिनाचा सूर बदलतो, तो भरीव आणि एकसारखा होतो. महाबळेश्वरच्या अलीकडे वेण्णा तलाव. तिथला मका आणि हंगामात स्ट्रॉबेरी ठरलेली. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. गाडी मंदिराबाहेर लावून आत गेलेल्या स्वाराला दोन्ही दिवसांचा नकाशाच तिथे मिळतो. कृष्णा मागे वाईला भेटून झाली, वेण्णा तलावाशी झाली, सावित्री खाली पोलादपूरला भेटणार आणि कोयना दुसऱ्या दिवशी.

मोठी मोटारसायकल माणसाला किती लांब नेऊ शकते, याचे जगभर गाजलेले उदाहरण इंग्लंडच्या टेड सायमन यांचे. ते मुळात पत्रकार, मोटारसायकलवाले नव्हतेच. पृथ्वीप्रदक्षिणा करायची ठरवली आणि त्यासाठी चाळिशीत ते मोटारसायकल शिकले. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये ५०० सीसीच्या ट्रायम्फवर ते लंडनहून निघाले, चार वर्षांत एक लाख किलोमीटरच्या आसपास फिरले आणि त्यात भारतही पाहिला. १९७९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने कित्येकांना घराबाहेर काढले. पुण्याहून महाबळेश्वरला गेलेल्या पोराचा पल्ला त्यापुढे छोटा. पण उंबरठा ओलांडण्याची ओढ तीच.

महाबळेश्वरहून पश्चिमेला आंबेनळी घाट उतरतो. सुमारे ४० किलोमीटरमध्ये १,३०० मीटर खाली. दाट झाडी, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला जावळीचे खोरे, आणि कुंभरोशीजवळ वर पाहिले की प्रतापगडाची तटबंदी. १६५९ साली अफझलखानाचे सैन्य ज्या मुलखात अडकले, तो मुलूख या रस्त्यावरून जितका समजतो तितका पुस्तकातून समजत नाही. सैन्याला पसरायला जागा नाही, परतायला वाट नाही, आणि दहा पावलांवर जंगल. मोटारीच्या काचेआडून हे निसटते. उघड्या गाडीवर हवेतला ओलावा, सावलीचा गारवा आणि वळणापलीकडचे न दिसणे अंगावर येते.

चढ शिकवतो इंजिन, उतार शिकवतो ब्रेक. त्या काळच्या बुलेटला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक होते. लांब उतारावर ते सतत दाबून ठेवले तर तापतात आणि पकड सुटते. म्हणून जाणते लोक नव्या स्वाराला बजावून सांगत: जो घाट ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. दुसरा गिअर, मूठ बंद, इंजिन स्वतःच चाकाला रोखून धरते आणि सायलेन्सरमधून फटफट असा बारीक आवाज निघत राहतो. ब्रेक फक्त वळणाआधी लावायचे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा या घाटातला सर्वांत घातक मोह. पावसाळ्यात इथे दरडी येतात, रस्ता खचतो, घाट बंद राहतो. जून ते सप्टेंबर हा घाट नवख्याने टाळावा हे आजही खरे आहे.

उतार संपतो तशी हवा दमट होते, आणि उमरठचा फाटा लागतो. तानाजी मालुसऱ्यांचे हे गाव, त्यांची समाधी इथेच आहे. पुढे पोलादपूर, सावित्री नदी आणि मुंबई-गोवा महामार्ग. तेव्हाचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा हा रस्ता त्या काळी दोनच पदरी होता. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा. खेडला जगबुडी नदी, मग परशुराम घाट, आणि घाटातून दिसणारे वाशिष्ठीचे रुंद पात्र. संध्याकाळी चिपळूणला मुक्काम, माशांचे जेवण.

दमट हवेत एक हमखास दुखणे निघे. इंजिनात ठिणगी वेळेवर पाडणारे पॉइंट काळे पडत आणि सकाळी गाडी सुरू होत नसे. जुन्या बुलेटवाल्याच्या पेटीत म्हणूनच काही वस्तू कायम असत: पॉलिश पेपरचा तुकडा, एक जास्तीचा प्लग, क्लच वायर, पान्यांचा संच, पंक्चरचे सामान. पॉइंटवरून पॉलिश पेपर दोनदा फिरवला, प्लग पुसला, की गाडी पुन्हा हजर. व्हॉल्व्हचे टॅपेट लावायला तर हत्यारापेक्षा बोटे महत्त्वाची. इंजिन गार असताना झाकण काढायचे आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. गावोगावचे मिस्त्री हे शिकवायला कमी करत नसत. बुलेट उघडली की चहा यायचा, आजूबाजूचे दोघेतिघे गोळा व्हायचे, आणि तासाभरात परक्या गावात ओळखी व्हायच्या. पहिल्या मोठ्या गाडीच्या आठवणींतला फार मोठा वाटा या अनोळखी माणसांचा आहे.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली. चिपळूणहून निघालेला रस्ता पोफळीवरून घाटाला लागतो. पोफळीच्या डोंगरात कोयना प्रकल्पाचे वीजगृह आहे. मुळात पूर्वेला वाहणारे कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून इथे खाली सोडतात, त्यावर वीज तयार होते आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. म्हणजे चिपळूणच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात महाबळेश्वरचाही वाटा असतो. घाट चढताना हे माहीत असेल तर डोंगराकडे बघण्याची नजरच बदलते. मालवाहू ट्रक याच वाटेने कोकण आणि कऱ्हाड जोडतात, त्यामुळे वळणावर आपली बाजू सोडायची नाही आणि हॉर्नला आळस करायचा नाही.

घाटमाथ्यावरून हेळवाकला आले की कोयना समोर येते. महाबळेश्वरपासून दक्षिणेकडे आलेली ही नदी इथे पूर्वेला वळते. जवळच कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचे राहिलेले हे नाव. पुढे पाटणपर्यंत रस्ता आणि नदी एकमेकांना धरून चालतात. मोठे चढ नाहीत, वळणे लांब आणि उघडी. चौथ्या गिअरमध्ये पन्नास-साठच्या वेगाला बुलेटचे ठोके असे बसतात की स्वार आणि मागे बसलेला दोघेही बोलायचे थांबतात. सात घाटांची दगदग करून आलेल्याला या फेऱ्यातला सर्वांत सुखाचा तुकडा हाच वाटतो. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. वाईला भेटलेली कृष्णा आणि हेळवाकला भेटलेली कोयना एकाच काठावरून पाहायला मिळतात. तिथून साताऱ्यामार्गे महामार्गाने पुणे.

आता गाडी बदलली आणि रस्ताही. १९९४ मध्ये एनफिल्ड इंडिया आयशरकडे गेली. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर मागे पडले, गिअर डाव्या पायाकडे आले, बटण दाबून गाडी सुरू होऊ लागली. डिस्क ब्रेक आणि एबीएसमुळे आंबेनळीचा उतार पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाला, ही मोठी जमेची बाजू. कशेडीला बोगदा झाला, खंबाटकीला पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचे, महामार्ग रुंदावले. स्वारही बदलले. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘द बायकरनी’ या स्त्रियांच्या संघटनेच्या संस्थापकांत पुण्याच्या उर्वशी पाटोळे होत्या, आणि आज घाटात हेल्मेटखालून वेणी दिसली तर कुणी मान वळवून बघत नाही. सायलेन्सर बदलून कर्कश आवाज काढणारे मात्र या परंपरेत बसत नाहीत. जुन्या बुलेटचा आवाज खोल होता, पण तो गाव झोपेतून उठवणारा नव्हता. असले सायलेन्सर जप्त करून पोलीस त्यांवर रोलर फिरवतात, ते योग्यच आहे.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांना सुटे भाग अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत दुकानांच्या रांगा आहेत, आणि पॉइंट लावून देणारे जुने मिस्त्रीही सापडतात. फेरा करायचा तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे निघून कात्रज-खंबाटकी गर्दीआधी काढावेत, पसरणी सकाळच्या उन्हात चढावा, आंबेनळी दिवसाउजेडी उतरावा. चिपळूणला अंधार पडायच्या आत पोचावे आणि कुंभार्लीला सकाळीच लागावे. परतताना साताऱ्याजवळ संगम माहुलीला अर्धा तास जरूर काढावा. महाबळेश्वरला तलावाशी भेटलेली वेण्णा तिथे कृष्णेला मिळते, काठावर दगडी मंदिरे आहेत, आणि पुण्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याआधी गाडीचे इंजिनही तेवढ्यात निवते.